कपात चमचा ठेवेपर्यंत

एडिनबरा
शुक्रवार, ६ मार्च

प्रिय वीब्के,

फोनवर तू दोन वाक्यांत विषय बदलतेस आणि तिसऱ्या वाक्याला तुझ्या तिकीट-खिडकीवर गिऱ्हाईक येतं, म्हणून हे पत्र. बेटाकडची शेवटची बोट सुटली की खिडकी लावून घे आणि मग वाच.

मी बरी आहे. खोली उबदार आहे, घरमालकीण बडबडी आहे. चहाचे मात्र हाल आहेत. इथे साय घालत नाहीत, दूध घालतात आणि वर ढवळतात. दुकानात खडीसाखर मागितली तर खोकला झालाय का विचारतात. कपात चमचा ठेवला तरी किटली हातात घेऊन पुन्हा पुन्हा विचारतात, अजून घेणार का. आपल्या उत्तर जर्मनीत, लेअरमध्ये, चमचा कपात गेला की पाहुण्याला पुरे झालं, यजमानाने किटली खाली ठेवायची, हे परवा मी घरमालकिणीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आणि नाही ठेवला तर ओततच राहायचं? बाई गं, तुमच्याकडे पाहुणे बुडून मरत असतील."

उद्या दिवसभर पायपीट आहे. आमच्या मॅकरे बाईंनी काम दिलंय. शहरातली स्मारकं आणि म्युझियमं एका दिवसात पायी फिरायची आणि बाहेर उन्हापावसात कोणाला उभं केलंय, आत काचेमागे कोणाला जपलंय, यावर लिहायचं. एकटीने भटकण्यापेक्षा एखाद्या गाइडच्या घोळक्यात शिरावं म्हणते. शनिवारी निळी छत्री घेतलेला एक गाइड असतो, तो दिवसभर फिरवतो असं ऐकलंय. दुसरं काही कारण नाही.

तू दिलेला पिवळा रेनकोट घालीन. मला निळा आणायचा होता, पण तू ऐकलं नाहीस. "धुकं असतं तिथे, लांबून दिसलेली बरी," म्हणालीस.

मोकाचे कान खाजव माझ्यातर्फे. हा कुत्रा अजून जिना उलटाच उतरतो का?

हिल्के


शनिवार, ७ मार्च
स्कॉट स्मारकाखालचा बाक

वीब्के, कालचं पत्र सकाळी पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, परत काढता आलं असतं तर बरं. त्यात मी अर्धंच लिहिलं होतं. आता घोळका स्मारकाच्या जिन्याने वर गेलाय आणि मी गुडघा दुखतो सांगून खाली बसलेय. ते उतरेपर्यंत लिहिते.

निळ्या छत्रीचा गाइड योखेन आहे.

आपल्या घरात त्याला बाबा म्हणायचं नाही, नावाने बोलायचं, हा नियम तुझा, मोठ्या बहिणीचा, म्हणून योखेन. मी नऊ वर्षांची असताना ज्या शहरातून पर्यटकांची बस परत आली आणि तिच्याबरोबर गेलेला तो आला नाही, त्याच शहरात, म्हणजे इथेच, तो अजून आहे. दोन आठवड्यांपूर्वी रस्त्यात दिसला. योगायोगाने. पाठमोरा होता, पण एक खांदा खाली टाकून चालणारी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिलीत, तो आणि तू.

आज सकाळी त्याने सगळ्यांना नाव-गाव विचारलं. मी म्हटलं, मारायके, ग्रोनिंगनहून. हॉलंड आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, उच्चारही खपून जातील असं वाटलं. तर शेजारी उभ्या असलेल्या लीड्सच्या मिसेस थ्वेट म्हणाल्या, "अगबाई, माझी धाकटी सून डच आहे. बोल बघू दोन शब्द, मी तिला ऐकवते." तेवढ्यात योखेन म्हणाला, "मिसेस थ्वेट, ती सुट्टीवर आलीये. तुम्ही सुट्टीत यॉर्कशरचं बोलता का?"

"मी कायम तेच बोलते. मला दुसरं येतं कुठे?"

सगळे हसले आणि माझी सुटका झाली. पण मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. मला वाचवायची त्याला काय गरज होती?

केस पांढरे झालेत. माझ्याकडे तो इतरांपेक्षा कमी पाहतो. अनोळखी माणसाकडे कोणी इतकं जपून दुर्लक्ष करतं का?

उतरले सगळे. मिसेस थ्वेट हात करून बोलावताहेत.


पोर्ट्रेट गॅलरी, पहिला मजला

इथे स्वतःचं स्वतः पाहायला सोडलंय, म्हणून एका कोपऱ्यात बसलेय.

येताना एक मूर्खपणा केला. गॅलरीच्या अलीकडे सिग्नल होता. पादचाऱ्यांना लाल. रस्ता इकडून तिकडे मोकळा, एक सायकलसुद्धा नाही. घोळका गप्पा मारत सरळ पार झाला. इथे सगळे तसेच जातात. मी उभी राहिले. विचार करून नाही गं, आपल्याकडच्या सवयीने पाय आपोआप थांबले. वर पाहिलं तर शेजारी निळी छत्री. तोही उभा. पलीकडे अख्खा घोळका, अलीकडे आम्ही दोघं, आणि मध्ये रिकामा रस्ता.

मिसेस थ्वेट पलीकडून ओरडल्या, "अहो गाइड, तिकडे काही पाहण्यासारखं आहे का? आम्ही परत येऊ का?"

तो समोर बघत मला म्हणाला, "हॉलंडमध्येही थांबतात वाटतं?"

"कधी कधी," मी म्हटलं.

"मला वाटायचं, ते आधी पार करतात आणि मग रंग बघतात."

हिरवा झाला. आम्ही पार केलं. त्याचा आवाज चेष्टेचा होता की चौकशीचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर इथे त्याने दोन बहिणींच्या एका चित्रासमोर सगळ्यांना थांबवलं. मोठीचा हात धाकटीच्या मानेमागे आहे. "नीट बघा," तो म्हणाला. "तिने धाकटीला जवळ धरलंय की आवरून धरलंय? मी वर्षानुवर्षं बघतोय, मला अजून सांगता येत नाही."

"आवरलंय," मिसेस थ्वेट म्हणाल्या. "मला तीन मोठ्या बहिणी होत्या. तो हात मी ओळखते."

बाकीचे हसले. त्याने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, आणि पटकन नजर काढून घेतली.

माझ्या डोक्यात काय चाललंय ते सरळ लिहिते. तो मला ओळखतो का? आणि ओळखत असेल, तर नऊ वर्षांच्या मुलीवरून वीस वर्षांची कोणी इतक्या सहज ओळखत नाही. त्याला कोणीतरी सांगितलं असलं पाहिजे. मी इथे आहे हे आपल्या लोकांत दोघींनाच माहीत, तुला आणि आईला. आई त्याचं नाव काढलं की भांडी घासायला उठते.

असं लिहितानासुद्धा मला लाज वाटते. जगात एकाच माणसाचं बोलणं मी न तपासता खरं मानते, ते तुझं. आई रात्रपाळीला जायची तेव्हा माझ्या वेण्या तू घातल्यास, शाळेत पालकसभेला तू येऊन बसलीस, स्वतःचीच शाळा सुटली नव्हती तेव्हा. ते गेलं तर माझ्याकडे काय उरतं ते मला माहीत नाही. म्हणून शंका चुकीची निघावी असं मनापासून वाटतंय.


म्युझियमच्या पायऱ्या

शंका चुकीची निघेल असं आता वाटत नाही. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

म्युझियमच्या अलीकडे कोपऱ्यावर त्या कुत्र्याचा पुतळा आहे. मेलेल्या मालकाच्या थडग्याशी वर्षानुवर्षं बसून राहिला म्हणतात तो. लोक येता-जाता त्याचं नाक घासतात. नाकाचा काळा रंग उडून आतलं ब्राँझ चमकायला लागलंय. योखेन छत्री आडवी धरून उभा राहिला. "नाकाला हात लावायचा नाही. शंभर वर्षं कोणी लावत नव्हतं, कोणीतरी एकाने लावला आणि मग सगळे लावायला लागले."

"माझ्याकडे असता तर बिस्किटाच्या नादाने आठवड्यात मालकाला विसरला असता," मिसेस थ्वेट म्हणाल्या.

तो हसला. तोंडातून निघून गेलं असावं त्याच्या. "आमच्या घरी एक आहे. जिना चढतो सरळ आणि उतरतो उलटा, शेपटी पुढे करून. पाहुण्यांना वाटतं, कोणीतरी फिल्म उलटी लावलीये."

वीब्के, मोका आपल्याकडे आला तेव्हा योखेनला जाऊन दोन वर्षं झाली होती. तू नॉर्डडाइखच्या बंदरावरून त्याला कोटात गुंडाळून आणलंस. मोका त्याने कधी पाहिला नाही. मोका त्याला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. आणि "आमच्या घरी" म्हणाला तो. आमच्या.

बोलून झाल्यावर तो एकदम छत्री उघडायला लागला. पाऊस नव्हता.

मग एकेक सुटं सुटं जुळायला लागलं. तुझ्या खिडकीवर गिऱ्हाईक नेमकं मी एडिनबराचं नाव काढलं की येतं. इथला अर्ज भरला तेव्हा मला वाटलं होतं तू चिडशील, तू फक्त विचारलंस, "कधी निघतेस?" आणि हा कोट. अख्ख्या शहरात असा पिवळाधमक कोट घातलेली मी एकटी आहे. लांबून दिसलेली बरी. कोणाला, वीब्के?

मी सकाळपासून समजत होते की मी त्याच्यावर नजर ठेवून आहे.

तो बोलावतोय सगळ्यांना. आत कॅफेत चहा आहे. टूर तिथेच संपते. मी जाणार नव्हते, आता जाते.


रविवार, ८ मार्च, सकाळ

काल घरी येऊन लिहायला बसले, पण नुसतंच रागाचं लिहिलं गेलं, ते फाडलं. झोप काढून पुन्हा लिहितेय. घडलं तसं सांगते.

बरेच जण दारातूनच निरोप घेऊन गेले. टेबलाशी मिसेस थ्वेट, मी आणि तो. मोठी किटली आली. त्याने सगळ्यांच्या कपात ओतला. माझ्यासमोर दुधाचं भांडं होतं, मी चमच्याच्या पाठीवरून थोडं कडेने सोडलं आणि तसंच ठेवलं. ढवळलं नाही. तुला माहीत आहे, आपल्याच्याने ढवळवत नाही.

मिसेस थ्वेटांचा कप संपला तेव्हा त्याने विचारलं, "अजून घेणार?" त्या हो म्हणाल्या. माझा संपला तेव्हा त्याने विचारलं नाही. ओतला. मी प्यायले. मिसेस थ्वेट त्यांच्या सुनेबद्दल सांगत होत्या, ती पोरांना पावसात सायकलवरून शाळेत पाठवते म्हणून. त्याने तिसऱ्यांदा ओतला, न विचारता. तोही मी प्यायले. त्याने पुन्हा किटली उचलली, आणि माझ्या हाताने बशीतला चमचा घेतला आणि कपात उभा केला.

किटली हवेतच थांबली आणि मग त्याने ती खाली ठेवली. हळूच.

मिसेस थ्वेटांच्या नजरेतून काही सुटत नाही. "हा काय प्रकार आहे? मला दर वेळी विचारताय आणि हिला न विचारता तीनदा. लाडकी दिसतेय."

"तिने चमचा ठेवला नव्हता," तो म्हणाला.

"कसला चमचा?"

मिसेस थ्वेटांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "माझी बस आहे," आणि पर्स घेऊन उठल्या. जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या. "डच नाहीस हे मला सकाळीच कळलं होतं, पोरी. माझी सून कोणाकडे चहा पीत नाही."

मग तो आपल्या भाषेत बोलला. "हिल्के, रुमाल देऊ?" मी रडत नव्हते. बहुधा.

मी पहिला प्रश्न बसचा विचारला नाही, अकरा वर्षांचा विचारला नाही. विचारलं, "कोणी सांगितलं तुला?"

"ते तिला विचार."

"म्हणजे वीब्केच."

"ते तिला विचार. मी तिच्याबद्दल तिच्यामागे बोलणार नाही. एवढा हक्क नाही मला."

"कधीपासून?"

"तिच्या तोंडून ऐक." मग म्हणाला, "मला एकच अट होती. तू ओळख दाखवेपर्यंत मी दाखवायची नाही. जानेवारीपासून दर शनिवारी स्मारकाखाली उभा राहून पिवळा कोट शोधतोय. दोन आठवड्यांपूर्वी तू रस्त्यापलीकडून वळून गेलीस, तेव्हा माझी पुढची सगळी वाक्यं चुकली. एका माणसाने तक्रारही केली."

मग बसचं मी विचारलं. तो म्हणाला, "बस रस्त्याच्या पलीकडे उभी होती. सिग्नल हिरवा झाला. मी पार केलं नाही. मग लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि बस निघून गेली. का, ते मला रोज वेगळं वाटतं. कुठलंच पुरत नाही."

खरं सांगू? ऐकताना मला वाटलं, हे त्याने पाठ केलंय. गाइड आहे तो, वाक्य कुठे थांबवायचं त्याला कळतं. चित्रासमोर आणि कुत्र्यासमोरही तो असाच थांबत होता. त्याच्यावर विश्वास ठेवायची मला घाई नाही. त्याने उत्तर नाहीच दिलं असतं तरी माझं काही नवं गेलं नसतं.

तुझं तसं नाही. घरात मला त्याचं नावसुद्धा जपून घ्यायला लावलंस आणि तू त्याला मोकाचा जिना सांगत होतीस. हसत सांगितलं असशील. ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

फोन करू नकोस. उत्तर लिही.

हिल्के


मंगळवार, १७ मार्च

वीब्के,

तुझं पत्र आलं. चारच ओळी. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत अजून काही राहिलंय का बघायला.

तू लिहिलंस: "तीन वर्षांपूर्वी तो माझ्या खिडकीवर येऊन उभा राहिला. तो गेला त्या वर्षी तू दर शनिवारी शाळेचं दप्तर घेऊन बस स्टँडवर जायचीस आणि मी तुला तिथून आणायचे. तो पुन्हा पळतो का ते मला आधी बघायचं होतं. तुला दुसऱ्यांदा आणायची ताकद माझ्यात नव्हती."

स्टँड मला आठवतो. निळी-पांढरी बस आली की मी मागच्या दारापासून पुढपर्यंत एकेक खिडकी बघायचे. तू लांब उभी राहायचीस, सगळी बस रिकामी होईपर्यंत जवळ यायची नाहीस. मग यायचीस आणि म्हणायचीस, "चल, चहा झालाय." कधी ओढलं नाहीस. त्या वेळी तुझा हात माझ्या मानेमागे असायचा. तो धरायचा होता की आवरायचा, ते आज विचारलंस तर मलाही सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

पण म्हणून तुझं सगळं माफ झालं असं समजू नकोस. तीन वर्षं फार होतात. पहिले काही महिने मी समजू शकते. पुढे तो पळत नाही हे दिसल्यावरही तू गप्प राहिलीस, ते माझ्यासाठी होतं की तुला तो थोडा एकटीसाठी हवा होता? हे मी रागाने विचारत नाही. मला तुझ्या बाबतीत ही शंका यावी याचाच जास्त त्रास होतोय, आणि ती मनात ठेवली तर नासेल, म्हणून लिहून टाकते.

आता माझं. योगायोग वगैरे काही नव्हता. विद्यापीठाने मला उप्सालाही देऊ केलं होतं, मी घरात सांगितलं नाही. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी टूर नेणाऱ्यांचे फोटो लावलेले फलक शोधत फिरले. त्या रस्त्यावर मी त्याला पाहायलाच गेले होते. आणि तुला हे कळलं होतं, नाही का? म्हणूनच चिडली नाहीस, म्हणूनच कोट. अडवता येणार नाही म्हटल्यावर, निदान दिसेल अशी तरी पाठवू, असं तू ठरवलंस. तुझी मी जेवढी फसवणूक केली तेवढी तू ओळखून होतीस. मला मात्र तू केलेली ओळखता आली नाही. बाकीपेक्षा हेच जास्त टोचतंय.

मॅकरे बाईंना निबंध दिला. बाहेर पुतळे केलेत ते सगळे कोणाची तरी वाट बघताहेत असं काहीसं लिहिलं. बाईंनी शेरा मारला, "निरीक्षण चांगलं, पुरावा कमी."

त्याच्याकडे मी शनिवारी गेले नाही. या शनिवारीही जाणार नाही. त्याला निरोप पाठवलाय की जाईन तेव्हा कळवीन, आणि तो "बरं" एवढंच म्हणाला. उभा राहतो की जातो ते आता मीही बघीन. पण त्याच्याशी पुढे काही बोलण्याआधी मला तुझ्याशी बोलायचंय, आणि पत्रात नाही. पत्रात तू चार ओळींत सुटतेस.

ईस्टरला तुला सुट्टी असते. ये. मोकाला आईजवळ ठेव. माझ्या खोलीत दुसरी गादी मावते. घरमालकिणीने कुठूनसं साईचं छोटं भांडं मिळवलंय, खडीसाखर येताना तू आण. स्टेशनवर मी पिवळा कोट घालून उभी राहीन, सगळी गाडी रिकामी होईपर्यंत.

चहा मी करीन. तू पाहुणी, यजमान मी. पहिला कप, दुसरा, तिसरा. मग तुझ्या सवयीप्रमाणे तू चमचा उचलशील, कपात ठेवशील आणि माझ्याकडे बघशील, विषय संपला म्हणून.

मी किटली खाली ठेवणार नाही, वीब्के. तू सगळं सांगेपर्यंत ओतत राहीन.

तुझी
हिल्के